मोडशीचा केसपेपर लिहिणारा गोव्याचा डॉक्टर

आमच्या आजीकडे पोटाच्या सगळ्या तक्रारींना एकच शब्द होता, मोडशी. पोराने दोनदा उलटी केली, मोडशी. लग्नात जास्त जेवून आला आणि रात्रभर परसाकडे फेऱ्या मारल्या, मोडशी. मग सुंठ, ओवा, काय हाताला लागेल ते उगाळून पाजायचं. आता हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी उरलाय, आणि आजीकडून तो ऐकताना स्वप्नातही आलं नव्हतं की हाच शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज डॉक्टरने गोव्यात छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलाय आणि तिथून तो युरोपभर फिरून आलाय.

डॉक्टरचं नाव गार्सिया द ओर्ता. पणजीच्या चर्चसमोरची बाग ज्याच्या नावाची आहे तोच. बागेत बसून भेळ खाणाऱ्या बहुतेकांना हा कोण ते माहीत नसतं, मलाही नव्हतं, मला आपलं वाटायचं असेल कोणीतरी गव्हर्नर.

पुस्तकातला प्रसंग असा आहे. ओर्ता घरी एका पाहुण्या डॉक्टरशी औषधांवर गप्पा मारत बसलाय, तेवढ्यात एका बड्या माणसाचा नोकर धावत येतो की मालकांच्या भावाला बरं नाही, ताबडतोब चला. ओर्ता विचारतो काय झालंय आणि कधीपासून. नोकर म्हणतो मॉर्शी झालीय, दोन तास झाले. मॉर्शी म्हणजे आपली मोडशी, पण आजीची अजीर्णवाली नाही, खरीखुरी पटकी, म्हणजे कॉलरा. ओर्ता पाहुण्याला सोबत घेऊन निघतो, रोगी बघतो, आणि मग जे वर्णन करतो ते आजच्या एमबीबीएसच्या मुलालाही पटेल. नाडी इतकी बारीक की हाताला लागत नाही, अंग गार आणि त्यावर गार घाम, तहान थांबत नाही, डोळे खोल गेलेले, झोप नाही, पायांत गोळे येतायत, आणि वर-खाली दोन्हीकडून चालू. हा रोग बहुतेकांना चोवीस तासांत नेतो, दहा तासांत गेलेलेही मी पाहिलेत आणि टिकणारे चार दिवसांच्या वर जात नाहीत, असं तो सांगतो, आणि लगेच पुढे जोडतो की नियमाला अपवाद असतोच, एक माणूस वीस दिवस काढून मग गेला. हा अपवाद मला फार आवडतो. आपलं म्हणणं ठसवायचं असेल तर असले अपवाद लोक गाळतात, याने लिहून ठेवलाय.

आशियातल्या कॉलऱ्याचं युरोपियन डॉक्टरने केलेलं, छापून आलेलं हे पहिलं नीट वर्णन धरतात. साल १५६३. तसा गोव्यात हा रोग त्याआधीही माहीत होता, १५४३ च्या साथीचं वर्णन गास्पार कोरैया नावाच्या बखरकाराने केलंय, गव्हर्नरने त्या वेळी एका मेलेल्या माणसाचं पोट फाडून बघायला लावलं होतं, पण कोरैया डॉक्टर नव्हता आणि त्याचं लिखाण छापून यायला पुढे तीन शतकं गेली.

आता शब्दाची गंमत. भाषेच्या अभ्यासकांनी मोडशीचं मूळ आपल्या 'मोडणे' या क्रियापदात दाखवलंय, माणूस मोडून पडतो म्हणून मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचं मॉर्शी, मोर्देशीं असं काय काय केलं. पुढे फ्रेंच लोकांनी ते ऐकलं आणि त्यांच्या कानाला ते 'मोर द शियां' वाटलं, ज्याचा फ्रेंचमध्ये अर्थ होतो कुत्र्याचं मरण. रोगच असा की नाव शोभून गेलं, आणि मग कितीतरी वर्षं युरोपियन डॉक्टर आपल्या लिखाणात या रोगाला कुत्र्याचं मरण म्हणत होते. मूळ आपलं साधं मोडणं!

ओर्ताने जी लक्षणं टिपली त्यांच्यामागचं कारण आज आपल्याला माहितेय, ते एकदा बघून घेऊ म्हणजे त्याची नजर किती पक्की होती ते कळेल. कॉलऱ्याचा जंतू पोटात जातो तो घाणेरड्या पाण्यातून किंवा खाण्यातून. तो लहान आतड्यात चिकटतो आणि एक विष सोडतो. हे विष आतड्याला फाडत वगैरे नाही, ते फक्त आतड्याच्या पेशींचे नळ उघडे टाकून देतं. शरीरातलं मीठ आतड्यात वाहायला लागतं आणि मिठाच्या मागोमाग पाणी. किती, तर दिवसाला कित्येक लिटर. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात ते यामुळे. मग रक्तातलंच पाणी कमी होतं, रक्त आटतं, म्हणून नाडी लागत नाही, हातपाय गार पडतात. डोळ्यांमागचा ओलावा जातो म्हणून डोळे खोल. क्षार गेले म्हणून पायांत गोळे. म्हणजे ओर्ताने लिहिलेलं एकेक लक्षण हे पाणी आणि मीठ गेल्याचं लक्षण आहे, त्याला फक्त ते ठाऊक नव्हतं. रॉबर्ट कॉखने इजिप्त आणि कलकत्त्यात १८८३-८४ मध्ये जंतू दाखवला, आणि विषाचा पुरावा कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दिला. ओर्ता या सगळ्याच्या तीनशे-चारशे वर्षं आधीचा.

तो काय कारण देतो? जास्त खाणं. खादाड लोकांना जास्त होते, आणि जून-जुलैमध्ये जास्त होते, असं त्याचं निरीक्षण. जून-जुलैला तो इथला हिवाळा म्हणतो, पोर्तुगीज लोक पावसाळ्याला तसंच म्हणायचे. यातलं जून-जुलैचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर, कारण गोव्यातला पाऊस आणि त्यात शहरातली सगळी घाण विहिरीत उतरणार. खादाडपणाचं कारण चूक. पण त्याने बरोबर काय बघितलं आणि चुकीचं काय समजलं हे आपल्याला आज वेगळं करता येतं, कारण त्याने दोन्ही लिहून ठेवलंय.

उपचारात तर अजून मजा आहे. ओर्ता आधी आपले युरोपियन उपाय सांगतो, तेल चोळणं वगैरे, आणि मग इथले वैद्य काय करतात तेही सांगतो. ते मिरी आणि जिरं घालून तांदळाची पेज पाजतात, पायांना डाग देतात, गोळे येतात म्हणून हातपाय पट्ट्यांनी घट्ट बांधतात, आणि डोळ्यांत पिंपळीची पूड घालून बघतात. (पिंपळी डोळ्यात. नुसतं वाचूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.) डाग देऊन काही होत नाही हे आता सगळ्यांना माहितेय पण पेजेकडे जरा बघा. आतड्याचे नळ उघडे पडलेले असले तरी एक दरवाजा चालू राहतो, साखर आणि मीठ एकत्र आले की आतडं त्यांना आत घेतं आणि सोबत पाणीही आत येतं. ओआरएसचं अख्खं तत्त्व हे एवढंच आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर साखर-मिठाचं पाणी पाजून हजारो लोक वाचवले ते याच्यावरच. आणि तांदळाचा स्टार्च पोटात गेल्यावर त्याची साखरच होते, पेजेत मीठ घातलं की ती ओआरएसच्या जवळ जाते. इथल्या वैद्यांना हे विज्ञान माहीत होतं असं मी अजिबात म्हणत नाही, 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' टाईप फॉरवर्डचा मला कंटाळा आहे. एवढंच की डाग, पट्ट्या, पिंपळी आणि पेज या चौघांत एक गोष्ट कामाची होती, आणि एका परदेशी डॉक्टरला ती लिहून ठेवण्यात कमीपणा वाटला नाही.

तर हा माणूस इथे आला कसा. जन्म १५०१ च्या आसपासचा, पोर्तुगालमधल्या कास्तेलो द विद गावातला, स्पेनच्या हद्दीजवळ. आईवडील स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले, आणि १४९७ मध्ये पोर्तुगालने सगळ्या ज्यूंचा जबरदस्तीने बाप्तिस्मा करून टाकला. अशा लोकांना 'नवे ख्रिश्चन' म्हणत. नाव ख्रिश्चन, चर्चला जायचं, पण शेजारीपाजारी कायम डोळा ठेवून, की शनिवारी घर झाडतात का, डुकराचं मांस खातात का. गार्सिया या असल्या घरात वाढला. स्पेनमधल्या सालामांका आणि आल्कालाच्या विद्यापीठांत डॉक्टरकी शिकला, गावात प्रॅक्टिस केली, मग लिस्बनला विद्यापीठात शिकवायला लागला. सगळं छान चाललेलं, आणि मार्च १५३४ मध्ये सगळं सोडून हा भारताकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमारप्रमुखाच्या, मार्तिम अफोन्सो द सौझाच्या जहाजावर त्याचा डॉक्टर म्हणून चढला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन आलं, म्हणजे धर्मात खोट दिसली की पकडून चौकशी करणारं न्यायालय. वारा कुठून येतोय ते याला आधीच कळलं असणार असं मला वाटतं.

पहिली काही वर्षं सौझाबरोबर लढायांवर गेली, दीव, काठेवाड, मग खाली मलबार. मग गोव्यात घर, बाग, दवाखाना, आणि जोडीला व्यापार, मसाले, रत्नं. पैसा बरा केला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याचे पेशंट. आणि एक पेशंट आपल्याकडचा, अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह. ओर्ता त्याला निझामोशा लिहितो आणि मित्र म्हणतो. नगरला तो गेला, राहिला, आणि तिथे त्याला एक खजिना सापडला. तो असा, की सालामांकात जे पुस्तक देवासारखं पुजलं जायचं ते इब्न सीना या अकराव्या शतकातल्या इराणी हकीमाचं वैद्यकाचं पुस्तक, लॅटिन भाषांतरातलं, आणि भाषांतर चुकांनी भरलेलं. नगरच्या दरबारातले हकीम तेच पुस्तक मूळ अरबीतून वाचत होते! मग याने त्यांना विचार विचार विचारलं, या औषधाचं अरबीत खरं नाव काय, तुम्ही कशाला म्हणता, दाखवा. म्हणजे युरोपातल्या वैद्यकातल्या चुका आमच्या नगरच्या किल्ल्यात दुरुस्त होत होत्या, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही, तिथे फक्त चांदबिबी.

इथे थोडं थांबून हे समजून घ्यायला हवं की त्या वेळी औषधशास्त्र म्हणजे काय होतं. डायोस्कोरिडीस आणि गेलन हे पहिल्या-दुसऱ्या शतकातले ग्रीक वैद्य. त्यांनी लिहिलं तो शेवटचा शब्द. युरोपातला डॉक्टर मिरी, दालचिनी, हिंग, कापूर, अफू ही सगळी औषधं रोज वापरायचा, पण ती ज्या झाडांपासून येतात त्यातलं एकही त्याने बघितलेलं नसायचं. माल भारतातून अरबांकडे, तिथून व्हेनिसला, तिथून दुकानात. माहितीही त्याच रस्त्याने गळत गळत जायची. ओर्ता पहिल्यांदा असा डॉक्टर जो ग्रीक पुस्तकंही वाचलेला आणि जिथे झाडं आहेत तिथे तीस वर्षं राहिलेला. त्याला काय करायचं होतं तर ग्रीकांनी लिहिलेलं एकेक औषध काढायचं आणि इथल्या बाजारात, बागेत, वैद्याकडे जाऊन तपासायचं.

ते त्याने पुस्तकात केलं. १० एप्रिल १५६३ ला गोव्यात छापून झालं. भारतातला पहिला छापखाना गोव्यात १५५६ ला आलेला, म्हणजे सात वर्षांचा छापखाना आणि कामगार नवशिके, त्यामुळे छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्रच पानंच्या पानं. पुस्तकाच्या नावाचा मराठीत अर्थ साधारण 'भारतातल्या औषधी आणि जिनसांवरचे संवाद'. लॅटिनमध्ये न लिहिता पोर्तुगीजमध्ये लिहिलं, आणि सुरुवातीला लुईश द कामोइशची कविता आहे. हा पुढे पोर्तुगालचा महाकवी झाला, तेव्हा गोव्यात कडकी काढत होता, आणि त्याच्या अगदी पहिल्या छापील कवितांपैकी ही एक.

संवाद आहेत ओर्ता आणि रुआनो या दोघांत. रुआनो म्हणजे वर आलेला तो पाहुणा डॉक्टर, सालामांका-आल्कालाचाच शिकलेला, नुकताच जहाजातून उतरलेला, आणि बोलता बोलता गेलनचं नाव घेणारा. हा माणूस बहुतेक खरा नव्हताच. ओर्ताने स्वतःचेच दोन तुकडे केले, एक जो विद्यापीठातून शिकून आला आणि एक जो इथे राहून शहाणा झाला, आणि दोघांना जेवणाच्या टेबलावर बसवून भांडायला लावलं. रुआनो म्हणणार, पण डायोस्कोरिडीस तर असं म्हणतो. ओर्ताचं एक उत्तर प्रसिद्ध आहे, की मला डायोस्कोरिडीस आणि गेलनची भीती घालू नका, मी फक्त खरं आणि मला माहीत आहे तेवढंच सांगणार. दुसरीकडे तो कबूल करतो की स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध बोलायची माझी हिंमत झाली नसती. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

मधेमधे बाकीचे लोक येतात. मलुपा नावाचा गोव्याचा हिंदू वैद्य येतो. नोकर येतात रोग्याचे निरोप घेऊन. आणि अंतोनिया येते. ही त्याच्या घरातली दासी, गुलामच म्हणा. "अंतोनिया, ते अमुक फळ घेऊन ये" असं म्हटलं की ती आणते, झाड कुठलं, लोक कशाला वापरतात ते सांगते. गोव्यात तेव्हा गुलामांचा बाजार भरायचा हे विसरून चालणार नाही, आणि विज्ञानाच्या इतिहासात ओर्ताचं नाव राहिलं, झाडं ओळखणाऱ्या बाईचं फक्त पहिलं नाव, तेही मालकाने दिलेलं. पण निदान ते छापलं तरी. बाकीच्यांनी तेही केलं नसतं.

पुस्तकात काय काय आहे ते सगळं सांगत बसलो तर रात्र होईल, थोडंच सांगतो. पारिजातकावर एक संवाद आहे, तो त्याला दुःखी झाड म्हणतो. गोष्ट अशी की परिजातक नावाच्या सरदाराची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली, सूर्याने सोडलं, तिने जीव दिला आणि तिच्या राखेतून झाड उगवलं, म्हणून त्याची फुलं सूर्याचं तोंड बघत नाहीत, रात्रीच फुलतात. वनस्पतीशास्त्रात गोष्ट कशाला? पण सोबत हेही लिहितो की लोक फुलांचे केशरी देठ जेवणाला रंग आणायला केशरासारखे वापरतात.

भांगेवर एक आहे. गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने सौझाला सांगितलेलं की रात्री मला पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण कुठेही जायची इच्छा झाली की मी थोडी भांग खातो, पोचलो. बिनतिकीट.

धोतऱ्यावर आहे तो तर पोलीस केसच. एका घरात दासीने मालकिणीला जेवणातून धोतरा दिला, दागिने घेतले आणि पळाली, आणि मालकीण विचारलेल्या प्रत्येक गोष्टीवर नुसती हसतेय. धोतऱ्यात जी रसायनं असतात ती मेंदूतला एक निरोप्या अडवतात, माणूस जागा असतो पण भ्रमात असतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नंतर काही आठवत नाही. ट्रेनमध्ये बिस्किटातून गुंगी देऊन लुटल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो, गुन्हा जुनाच आहे.

हगवणीवर तो एका मलबारी झाडाची साल सांगतो, ते झाड म्हणजे आपला कुडा असावा असं मानतात. कुड्याची साल आपल्याकडे अजून देतात. आणि तो उघड लिहितो की मी आधी माझ्या विद्येचे उपाय करून बघतो, नाही गुण आला की इथल्या ब्राह्मणांचे घेतो. मग सापाच्या विषावरचं एक मूळ, ज्याच्या जोरावर मुंगूस नागाशी भिडतं असं लोक त्याला सांगतात. त्याने वर्णन केलेल्यांपैकी एक झाड सर्पगंधा असावं असं काही अभ्यासकांना वाटतं. साप चावल्यावर सर्पगंधा काही करत नाही, पण मुंबईत केईएमचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधाने ब्लडप्रेशर खाली येतं हे ब्रिटिश जर्नलमध्ये आकड्यांनिशी मांडलं आणि जगभरचे डॉक्टर ते वापरायला लागले. लोक एका कारणासाठी सांगतात, निघतं भलतंच.

आता चुका. याच्या डोक्यावर मुकुट घालून ठेवायचं काही कारण नाही. पिंपळी आणि मिरी ही वेगळी झाडं हे त्याने बरोबर पकडलं, डायोस्कोरिडीसचा समज होता की पिंपळी म्हणजे मिरीचंच कोवळं फळ. इथे ग्रीकांना हरवलं, आणि लगेच पुढे स्वतः घसरला, काळी मिरी आणि पांढरी मिरी यांच्या वेलीही वेगवेगळ्या म्हणाला, काळ्या आणि पांढऱ्या द्राक्षांसारख्या. वेल एकच, पांढरी मिरी म्हणजे पिकलेल्या दाण्याचं साल काढलेलं, हे कोकणातल्या कोणाही बागायतदाराने सांगितलं असतं. जनावरांच्या पोटातल्या खड्याने विष उतरतं यावरही त्याचा विश्वास. संस्कृत ग्रंथ त्याने वाचलेले नव्हते, आणि इथल्या वैद्यांना यकृत कुठे आणि प्लीहा कुठे तेही कळत नाही असं बिनधास्त लिहितो. पोर्तुगीजांमुळे आता एका दिवसात जे कळतं ते रोमनांना शंभर वर्षांत कळत नव्हतं, ही फुशारकीही त्याचीच. दर्यावर्दी लोकांची हवा अंगात गेलेली.

पण ज्याने पन्नासहून जास्त संवाद लिहिले, 'मी खरं तेच सांगतो' म्हणून, त्याने एका गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. स्वतःच्या घराबद्दल. पुस्तकात तो व्यवस्थित कॅथलिक आहे. खरं काय होतं ते आपल्याला कळतं ते त्याच्या बहिणीच्या खटल्यातून.

लिस्बनमध्ये त्याच्या बहिणींना इन्क्विझिशनने पकडलं होतं. सुटल्यावर आई आणि बहिणी १५४९ च्या सुमारास गोव्याला याच्याकडे आल्या. काही वर्षं बरी गेली. मग १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातच आलं. म्हणजे पुस्तक छापलं गेलं तेव्हा ते शहरात होतं, त्याचे अधिकारी रस्त्यावर दिसत होते, आणि पुस्तक छापायला त्यांची परवानगी लागायची. एकदा हे कळलं की ते 'स्पेनमध्ये असतो तर हिंमत झाली नसती' वाक्य वेगळंच ऐकू येतं. ओर्ता १५६८ मध्ये वारला, गोव्यात सन्मानाने पुरलं गेलं. बडे लोक त्याचे पेशंट होते, जिवंत असेपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही. तो गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बहीण कातारिनाला अटक झाली. चौकशीत तिच्याकडून जे निघालं त्यात हेही होतं, की भाऊ मोझेसचाच, म्हणजे ज्यूंचाच धर्म खरा मानायचा. २५ ऑक्टोबर १५६९ ला तिला गोव्यात जिवंत जाळलं. आणि ओर्ताचं काय, तो तर मेलेला, पण त्यालाही सोडलं नाही, डिसेंबर १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढली आणि जाळली. मेल्यानंतर बारा वर्षांनी शिक्षा.

आणि याच काळात त्याचं पुस्तक युरोपात पळत होतं. कार्लुस क्लुसियस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाला १५६४ मध्ये पोर्तुगालच्या प्रवासात एक प्रत मिळाली. त्याने गप्पा काढून टाकल्या, अंतोनिया काढली, रुआनो काढला, फक्त औषधांची माहिती ठेवली आणि लॅटिनमध्ये १५६७ ला अँटवर्पहून छापलं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, इटालियनमध्ये गेलं, क्रिस्तोव्हाँव द कॉश्ता नावाच्या दुसऱ्या एका डॉक्टरने १५७८ मध्ये त्याच्यातला बराच मजकूर घेऊन स्वतःचं स्पॅनिश पुस्तक काढलं. म्हणजे इकडे हाडं जळतायत आणि तिकडे विद्यापीठांत त्याच्या नावाने पानसुपारी, आंबा, फणस शिकवतायत. युरोपला ओर्ता कळला तो क्लुसियसच्या सुक्या लॅटिनमधून, मला विचाराल तर अर्धी मजा तिथेच गेली. खटल्याची कागदपत्रं लोकांसमोर यायला १९३४ उजाडलं, तोपर्यंत एकोणिसाव्या शतकात त्याचं मोठं चरित्र लिहिलं गेलेलं, त्यात यातलं काहीच नाही. पुढे पोर्तुगालने वीस एस्कुदोच्या नोटेवर त्याचा चेहराही छापला.

मुंबईकरांसाठी एक राहिलंच. १५५४ च्या सुमाराला व्हाइसरॉयने ओर्ताला मुंबई बेट भाड्याने दिलं. आख्खं बेट! अर्थात तेव्हाचं बेट म्हणजे आजच्या दक्षिण मुंबईतला एक तुकडा, नारळ, भात आणि मासे. पुस्तकात तो 'माझं मोंबाईं बेट' असं लिहितो. याच भागात १५३४ साली, म्हणजे आल्या आल्याच, त्याने घारापुरीची लेणी बघितली होती आणि त्याबद्दलही लिहिलंय, बेटाला तो पोरी म्हणतो. वसईकडच्या लोकांबद्दल लिहिताना कुरुंबी, माली, परू अशी नावं येतात, ते कुणबी, माळी आणि परभू हे वाचताना आपोआप कळतं. मुंबईत जो पोर्तुगीज वाडा होता तो ओर्ताचाच असं मानतात. १६६१ ला बेट इंग्लंडच्या राजाला हुंड्यात गेलं, १६६५ ला इंग्रजांनी ताब्यात घेतलं, त्या वाड्याभोवती तटबंदी घालून त्यांनी बॉम्बे कासल उभा केला, आणि आज टाऊन हॉलच्या मागे त्या जागेवर नौदलाचं आयएनएस आंग्रे आहे. आत जाता येत नाही, बाहेरून भिंत बघायची.

आंब्यावरच्या संवादात ओर्ता सांगतो की त्याच्या मुंबईच्या बेटावर एक आंब्याचं झाड आहे त्याला वर्षातून दोनदा फळ येतं, एकदा नाताळात आणि एकदा मेच्या शेवटी. नाताळात आंबा, मुंबईत. नौदलात कोणी ओळखीचं असेल तर जरा विचारून बघा आत अजून एखादं जुनं झाड आहे का.